बायझंटाईन साम्राज्याविषयी वाचताना आणि लिहिताना या चुका टाळा

विजापूरच्या शेरजा बुरुजावरची मलिक-ए-मैदान तोफ आपल्यापैकी अनेकांनी पाहिली आहे. ही तोफ १५४९ साली निजामशाहीच्या अहमदनगरात ओतली गेली. ओतणाऱ्या कारागिराचं नाव तिच्यावरच कोरलं आहे: मुहम्मद बिन हसन रूमी. ‘रूमी’ म्हणजे रूम देशाचा. रूम म्हणजे आजच्या तुर्कस्तानातला अनातोलियाचा मुलूख. कवी जलालुद्दीन रूमी हाही त्याच अर्थाने रूमी, कारण त्याचं आयुष्य त्या मुलखातल्या कोन्या शहरात गेलं. जुन्या मराठी लिखाणात ‘रूमशाम’ असा जोडशब्द भेटतो, त्यातला शाम म्हणजे सीरिया आणि रूम हाच.

अरबांनी, इराण्यांनी आणि मागाहून तुर्कांनी त्या मुलखाला रूम म्हटलं, कारण तिथे रोमन लोक राहत होते आणि रोमन सम्राटाचं राज्य होतं. तेच नाव दख्खनपर्यंत पोचलं. आपण मात्र शाळेत ‘बायझंटाईन साम्राज्य’ शिकलो. स्पर्धा परीक्षांच्या मुलांची जगाच्या इतिहासावरची उत्तरं मी बरीच वर्षं तपासतो आहे. या साम्राज्याबद्दलचे निम्मे गोंधळ त्या एका नावातून निघतात, असं माझं ठाम मत झालं आहे. म्हणून सुरुवात तिथूनच.

नावाची चूक

स्वतःला ‘बायझंटाईन’ म्हणवणारा एकही सम्राट झाला नाही. त्यांच्या ग्रीक भाषेत राज्याचं नाव होतं ‘बासिलेइया तोन रोमायोन’, म्हणजे रोमनांचं राज्य. बोलताना लोक ‘रोमानिया’ म्हणत. बायझांटियॉन हे एका जुन्या ग्रीक गावाचं नाव. त्या जागी सम्राट कॉन्स्टंटाईनने कॉन्स्टंटिनोपल (आजचं इस्तंबूल) ही नवी राजधानी उभारली आणि ११ मे ३३० रोजी तिचं लोकार्पण केलं. त्या गावावरून साऱ्या साम्राज्याला नाव देण्याची पद्धत रूढ होण्यात मोठा वाटा आहे तो हिरोनिमस वोल्फ या जर्मन विद्वानाच्या १५५७ सालच्या ग्रंथसंग्रहाचा. तोवर कॉन्स्टंटिनोपल तुर्कांच्या हाती पडून १०४ वर्षं झाली होती.

हे नाव इतकं सोयीचं का ठरलं? पश्चिम युरोपला ‘रोम’ स्वतःकडे हवं होतं. ८०० साली पोपने फ्रँकांचा राजा शार्लमेन याच्या डोक्यावर सम्राटाचा मुकुट ठेवला, तेव्हा कॉन्स्टंटिनोपलच्या गादीवर आयरीन ही सम्राज्ञी होती. गादीवर बाई आहे म्हणजे गादी रिकामीच, असं पश्चिमेत म्हटलं गेलं. पुढे पश्चिमेची पत्रं पूर्वेच्या सम्राटाला ‘ग्रीकांचा सम्राट’ म्हणू लागली. कॉन्स्टंटिनोपलच्या दरबारात हा उघड अपमान मानला जाई. आपला विद्यार्थी उत्तरात ‘ग्रीक साम्राज्य’ लिहितो, तेव्हा नकळत तोच अपमान पुढे चालवतो.

भाषा ग्रीक होती, हे खरं. पण भाषेवरून नागरिकत्व ठरवू नका. २१२ साली सम्राट काराकाल्लाने साम्राज्यातल्या जवळपास सर्व स्वतंत्र रहिवाशांना रोमन नागरिक केलं. त्यात ग्रीक बोलणारे लाखो होते. म्हणजे नवी राजधानी वसण्याआधीच त्यांच्या तीन-चार पिढ्या रोमन म्हणून गेल्या होत्या. ही ओळख किती खोल होती ते पाहा. १९१२ च्या बाल्कन युद्धात ग्रीक सैन्य लेम्नोस बेटावर उतरलं. गावातली मुलं सैनिकांकडे टक लावून पाहत होती. काय पाहता, असं सैनिकांनी विचारल्यावर मुलं म्हणाली, हेलेन्स (म्हणजे ग्रीक) पाहतोय. मग तुम्ही हेलेन्स नाही का? नाही, आम्ही रोमन. हा प्रसंग त्याच बेटावर जन्मलेल्या एका इतिहासकाराने नोंदवून ठेवला आहे.

दुरुस्ती सोपी आहे. ‘बायझंटाईन’ शब्द वापरा, कारण तो रुळला आहे. पण ‘बायझंटाईन लोक स्वतःला रोमन समजत’ हे वाक्य टाळा. ‘समजत’ म्हटलं की ते भ्रमात होते असा अर्थ लागतो. ते रोमन होते, इतकंच लिहा. आणि ‘पवित्र रोमन साम्राज्य’ हे जर्मन मुलखातलं वेगळं राज्य आहे. उत्तरपत्रिकांत ही दोन साम्राज्यं एक झालेली मी दरवर्षी पाहतो.

४७६ ची घाई

‘४७६ साली रोमन साम्राज्याचा अंत झाला’ हे वाक्य इतक्या मार्गदर्शकांत छापलं आहे की मुलं ते डोळे मिटून लिहितात. त्या वर्षी ओडोएकर या जर्मॅनिक सरदाराने रोम्युलस ऑगस्ट्युलस या पोरसवदा सम्राटाला इटलीतल्या गादीवरून उतरवलं. पुढची गोष्ट मार्गदर्शकांत नसते: सम्राटपदाची राजचिन्हं कॉन्स्टंटिनोपलला झीनो या सम्राटाकडे पाठवून देण्यात आली. पश्चिमेची गादी संपली, साम्राज्य चालू राहिलं. ‘पश्चिम’ हा एक शब्द घातला की वाक्य बरोबर होतं.

साम्राज्य किती वर्षं टिकलं, हे सांगतानाही कुठून मोजलं ते लिहा. ३३० पासून १४५३ पर्यंत ११२३ वर्षं होतात. ३९५ ची पूर्व-पश्चिम वाटणी धरली तर १०५८. ३३० साली राजधानीतल्या कुणालाही नवं राज्य सुरू झालं असं वाटलं नव्हतं.

हजार वर्षांची घसरण?

सर्वांत दूरवर पसरलेला समज हा, की हे राज्य जन्मापासून म्हातारं होतं आणि हजार वर्षं हळूहळू मरत होतं. या समजाला मला एकच नाणं पुरेसं वाटतं. कॉन्स्टंटाईनने सोन्याचं सॉलिडस पाडलं, एका रोमन पौंडात ७२, म्हणजे एका नाण्यात सुमारे साडेचार ग्रॅम सोनं. ग्रीकमध्ये त्यालाच नोमिस्मा म्हणत. या नाण्याचा कस अकराव्या शतकापर्यंत, म्हणजे सुमारे सातशे वर्षं, जवळजवळ तसाच राहिला. मरणपंथाला लागलेल्या राज्याला हे जमत नाही. त्यासाठी करवसुली, खजिना, टांकसाळ आणि हिशेबनीस पिढ्यानपिढ्या जागेवर लागतात.

हे सोनं आपल्याकडेही आलं. दक्षिण भारतात या सम्राटांची सोन्याची नाणी सापडली आहेत. सहाव्या शतकातला अलेक्झांड्रियाचा व्यापारी कॉस्मस एक गोष्ट सांगतो. सोपात्रोस नावाचा रोमन व्यापारी आणि एक इराणी असे दोघे श्रीलंकेच्या राजापुढे उभे होते. तुमच्यातला कुणाचा राजा मोठा, असं राजाने विचारलं. सोपात्रोस म्हणाला, दोघांची नाणी हातात घेऊन बघा. एकीकडे चोख सोन्याचा नोमिस्मा, दुसरीकडे चांदीचा द्रम्म. राजाने कौल रोमनाच्या बाजूने दिला. गोष्ट रोमनाने रोमनाच्या फायद्याची सांगितली आहे हे लक्षात ठेवा, पण नाण्याचा दबदबा तिच्यातून कळतो. याच कॉस्मसने पश्चिम किनाऱ्यावरच्या ‘कल्लिआना’ या व्यापारी बंदराची नोंद केली आहे आणि इराणातून नेमलेला ख्रिस्ती बिशप तिथे असतो असंही लिहिलं आहे. बहुतेक अभ्यासक हे ठाण्याजवळचं आपलं कल्याण मानतात. मात्र या नोंदीवरून ‘कॉस्मस कल्याणला आला होता’ असं लिहू नका. त्याची बरीच माहिती इतर व्यापाऱ्यांच्या तोंडून आलेली आहे.

पडझड झालीच नाही, असं माझं म्हणणं नाही. सातव्या शतकात अरबांनी सीरिया, पॅलेस्टाईन आणि इजिप्त जिंकलं, साम्राज्याचं धान्याचं कोठार गेलं. ६२६ मध्ये आवारांनी आणि ७१७-१८ मध्ये अरबांनी राजधानीला वेढा घातला. पण राज्य आक्रसून पुन्हा उभं राहिलं, आणि १०२५ मध्ये सम्राट दुसरा बेसिल वारला तेव्हा त्या भागात त्याच्या तोडीची सत्ता क्वचितच होती. खाली-वर होणारी ही रेघ सरळ उतरती काढणं हीच चूक.

या टप्प्यावर तीन लहान चुका नेहमी भेटतात. पहिली, ‘ग्रीक फायर’मुळे साम्राज्य टिकलं. नळीतून फेकली जाणारी आणि पाण्यावरही जळत राहणारी ती आग नौदलाच्या फार कामाची होती. पण शहर टिकलं त्यात पाचव्या शतकाच्या सुरुवातीला थिओडोसियस दुसरा याच्या काळात बांधलेल्या तटबंदीचा, पाण्याच्या टाक्यांचा आणि धान्यसाठ्याचा वाटा मोठा आहे. दुसरी, १०१४ मध्ये बेसिलने हजारो बल्गेरियन कैद्यांचे डोळे काढले. क्रौर्य घडलं असेल, पण १४-१५ हजारांचा आकडा अनेक अभ्यासकांना फुगवलेला वाटतो, आणि ‘बल्गार-संहारक’ ही पदवी त्याच्या हयातीत कुठे दिसत नाही, ती बाराव्या शतकात पुढे येते. तिसरी, १०७१ च्या मांझिकर्टच्या लढाईत सारं सैन्य गारद झालं. सम्राट रोमानोस चौथा पकडला गेला, पण सैन्याचा मोठा भाग वाचला. जिंकलेला सेल्जुक तुर्कांचा सुलतान अल्प अर्सलान याने सम्राटाला तह करून सोडूनही दिलं. अनातोलिया हातची गेली ती त्यानंतर दहा वर्षं राजधानीत गादीसाठी झालेल्या भाऊबंदकीने. पानिपतानंतर काय झालं आणि का झालं, हे आपण वेगवेगळं शिकतो. इथेही लढाई आणि तिचे परिणाम वेगळे ठेवा.

थिओडोरा: एकाच लेखणीवर भिस्त

सम्राट जस्टिनियनची राणी थिओडोरा हिच्याबद्दलचे रसभरीत किस्से प्रोकोपियसच्या ‘गुप्त इतिहासा’तून येतात. हा मजकूर १६२३ साली पहिल्यांदा छापला गेला. तोच प्रोकोपियस आपल्या युद्धांच्या इतिहासात, राजधानीतल्या ५३२ च्या निका दंगलीत पळायला निघालेल्या जस्टिनियनला थिओडोराने कसं थांबवलं, ते तिचं तेजस्वी भाषण देऊन सांगतो. निंदा आणि स्तुती दोन्ही एकाच हातची. कुणी फक्त किस्से उचलतं, कुणी फक्त भाषण. दोन्हींसोबत ‘प्रोकोपियस म्हणतो’ हे शब्द लिहिले तर तुमचं उत्तर खरं राहतं.

१२०४ विसरणं

माझ्या मते ही सर्वांत मोठी चूक आहे. साम्राज्याचा शेवट विचारला की सगळे १४५३ सांगतात. पण १४५३ मध्ये जे पडलं ते एक शहर, पेलोपोनीसचा काही भाग आणि थोडी बेटं एवढंच उरलेलं राज्य होतं. मूळ इमारत कोसळली ती १३ एप्रिल १२०४ ला, आणि ती पाडणारे ख्रिस्ती होते.

पश्चिमेच्या ख्रिस्ती योद्ध्यांची चौथी धर्मयुद्ध मोहीम (क्रुसेड) इजिप्तवर जायची होती. १२०१ मध्ये व्हेनिसशी करार झाला: ३३,५०० माणसांसाठी जहाजं आणि वर्षभराचा शिधा, किंमत ८५,००० चांदीचे मार्क. प्रत्यक्षात जमले एक तृतीयांश. जहाजं बांधून तयार, पैसे नाहीत. या कर्जातून मोहीम वाकडी होत गेली. व्हेनिसने आधी त्यांच्याकडून झारा हे ख्रिस्ती शहर जिंकून घेतलं. मग पदच्युत सम्राटाचा मुलगा आलेक्सियोस आला. माझ्या बापाला गादीवर बसवा, २,००,००० मार्क देतो, असं त्याने कबूल केलं. १२०३ मध्ये ते झालं. पण खजिन्यात तेवढी रक्कम नव्हती आणि शहराचे लोक संतापले होते. आलेक्सियोसचा गळा आवळून खून झाला, आणि एप्रिलमध्ये धर्मयोद्ध्यांनी गोल्डन हॉर्नच्या बाजूचा समुद्री तट फोडला. तीन दिवस लूट चालली. व्हेनिसच्या सेंट मार्क चर्चवर दिसणारे चार तांब्याचे घोडे त्या लुटीतले आहेत. बाहेर आता प्रतिकृती आहेत, मूळ घोडे आत संग्रहालयात.

इथे उलट टोकालाही जाऊ नका. पश्चिमेने निष्पाप शेजाऱ्याचा घात केला एवढीच ही गोष्ट नाही. ११८२ मध्ये कॉन्स्टंटिनोपलच्या जमावाने शहरातल्या इटालियन वस्तीची भीषण कत्तल केली होती, आणि तो राग बावीस वर्षं साचला होता. तरीही १२०४ ची जखम एवढी खोल की २००१ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी अथेन्समध्ये त्याबद्दल खेद व्यक्त केला.

१२६१ मध्ये निकेआच्या रोमन राज्याने राजधानी परत मिळवली. म्हणून ‘अखंड ११२३ वर्षं’ असं लिहिताना थांबा. मधली ५७ वर्षं राजधानी परक्यांच्या हातात होती. राज्य तोवर निकेआ, एपिरस आणि ट्रेबिझोंड इथे तुकड्यांत जगलं. यातलं ट्रेबिझोंड तर १४६१ पर्यंत उभं होतं, कॉन्स्टंटिनोपलपेक्षा आठ वर्षं जास्त.

‘१४५३ मुळे वास्को द गामा आला’

हे मी स्वतः काही वर्षं वर्गात शिकवलं आहे, आणि आता मनापासून दुरुस्त करतो. धडा असा: तुर्कांनी कॉन्स्टंटिनोपल जिंकलं, खुष्कीचा मार्ग बंद झाला, मसाले मिळेनात, म्हणून युरोपने समुद्रमार्ग शोधला. ऐकायला साखळी घट्ट वाटते. पण तारखा शेजारी मांडल्या की ती तुटते.

पोर्तुगिजांनी उत्तर आफ्रिकेतलं सेउटा घेतलं १४१५ मध्ये आणि आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचं बोहादोर भूशिर ओलांडलं १४३४ मध्ये. दोन्ही गोष्टी १४५३ च्या आधीच्या. मलबारची मिरी युरोपला जात होती ती मुख्यतः तांबड्या समुद्रातून, इजिप्तच्या मामलुक सुलतानांच्या अलेक्झांड्रियाहून आणि सीरियातल्या बंदरांतून, व्हेनिसच्या जहाजांवर. इजिप्त ऑटोमनांच्या हाती पडलं १५१७ मध्ये. वास्को द गामा कालिकतला पोचला १४९८ मध्ये. ज्यांनी मार्ग अडवला असं आपण म्हणतो, त्यांच्या ताब्यात तो मार्ग द गामा येऊन गेल्यानंतर १९ वर्षांनी आला. शिवाय विजेत्या दुसऱ्या मेहमदने १४५४ मध्येच व्हेनिसशी व्यापाराचा तह केला. व्यापार त्याला हवाच होता, त्यावर जकात मिळत असे. पोर्तुगिजांच्या मोहिमांमागे आफ्रिकेचं सोनं, गुलामांचा व्यापार, धर्मप्रसार आणि व्हेनिसची मक्तेदारी मोडायची इच्छा होती. कारण लिहायचं तर ही लिहा.

याच तारखेला चिकटलेली दुसरी साखळी म्हणजे ग्रीक पंडित पळून इटलीत गेले आणि प्रबोधन सुरू झालं. मानुएल क्रिसोलोरास फ्लॉरेन्समध्ये ग्रीक शिकवायला लागला १३९७ मध्ये. १४२३ मध्ये ऑरिस्पा नावाचा इटालियन कॉन्स्टंटिनोपलहून २३८ हस्तलिखितं घेऊन परतला. प्रबोधनाला तोवर चांगला जोर आला होता. बायझंटाईन विद्वानांचं ऋण मोठं आहे, पण ते पळालेल्यांचं कमी आणि शतकानुशतकं होमर, प्लेटो, थुसिडिडीस पुन्हा पुन्हा उतरवून ठेवणाऱ्या लेखनिकांचं जास्त. ‘पळून गेले’ या शब्दांत त्या लेखनिकांचं सारं श्रेय हरवतं.

१४५३ च्या वेढ्याकडेही नुसतं दोन धर्मांची लढाई म्हणून पाहू नका. तटावर शेवटचा सम्राट कॉन्स्टंटाईन याच्याबरोबर जिनोआचा जुस्तिनियानी होता, तसाच ओरहान नावाचा ऑटोमन राजपुत्रही शहराच्या बाजूने लढत होता. मेहमदची महाकाय तोफ ओतणारा ओर्बान हा हंगेरीचा ख्रिस्ती, आणि त्याच्या सैन्यात सर्बियाच्या मांडलिक राजाची पथकं होती. जिंकल्यावर मेहमदने आपल्या पदव्यांत ‘कैसर-ए-रूम’ ही जोडली. रोमचा वारसा आपल्याकडे आला, असं त्याचं म्हणणं होतं.

इस्तंबूलला जाणाऱ्यांसाठी

१४५३ मध्ये शहराचं नाव बदललं, असं गाईडही बिनधास्त सांगतात. ऑटोमन नाण्यांवर त्यानंतरही ‘कुस्तुंतुनिया’ येत राहिलं. ‘इस्तंबूल’ हा शब्द ‘शहराकडे’ अशा अर्थाच्या ग्रीक शब्दांवरून आला आहे, आणि टपाल-तारेसाठी जगाने हेच नाव वापरावं असा आग्रह तुर्की सरकारने धरला तो १९३० मध्ये.

हागिया सोफिया ५३७ मध्ये पूर्ण झाली, पण डोक्यावर दिसणारा घुमट तो पहिला नव्हे. पहिला ५५८ मध्ये कोसळला, मग जास्त उंच बांधला, आणि पुढेही तो दोनदा अंशतः पडून दुरुस्त झाला आहे. वरच्या सज्ज्यात ‘हेन्रिकुस दांदोलो’ असं कोरलेला दगड आहे. १२०४ च्या मोहिमेचा म्होरक्या, व्हेनिसचा अंध वृद्ध डोज (तिथला राज्यप्रमुख), तो हाच. त्याला याच इमारतीत पुरलं होतं, पण तो दगड एकोणिसाव्या शतकातला आहे. मूळ थडगं समजून त्याचा फोटो टाकू नका. तिथल्याच संगमरवरी कठड्यावर एका नॉर्स सैनिकाने खरवडलेलं ‘हाल्फदान’ हे नाव मात्र खरंच जुनं आहे. सम्राटाच्या पदरी स्कँडिनेव्हियाहून आलेलं पथक होतं, त्यातल्या कुणाचं तरी.

वारसा म्हणजे फक्त चर्च नव्हे

वारसा विचारला की रशिया, ऑर्थोडॉक्स चर्च आणि सिरिलिक लिपी एवढं लिहून मुलं थांबतात. त्यातही ‘सिरिलने सिरिलिक लिपी केली’ ही चूक असते. सिरिलने केली ती ग्लॅगोलिटिक. सिरिलिक पुढे बल्गेरियात त्याच्या परंपरेतल्या शिष्यांनी घडवली.

सर्वांत जिवंत वारसा मला कायद्यात दिसतो. जस्टिनियनने ५२९ ते ५३४ या काळात हजार वर्षांचा रोमन कायदा संहितेत गोळा करवला. अकराव्या शतकाच्या अखेरीस बोलोन्यात त्याचा अभ्यास पुन्हा सुरू झाला, आणि तिथून तो युरोपच्या नागरी कायद्यांत उतरला. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता याच कुळातली, आणि ती गोव्यात आली. पण म्हणून गोव्याचा प्रत्येक नियम जस्टिनियनपर्यंत नेऊ नका. लग्नानंतर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक होते, हा नियम रोमन नव्हे. रोमन कायद्यात दोघांची मालमत्ता वेगळी असे. आईबापांना मृत्युपत्राने मुलांना पूर्ण बेदखल करता येत नाही, हा मात्र त्या घराण्यातला नियम. जस्टिनियनने ५३६ च्या एका नव्या कायद्यात मुलांचा राखीव वाटा वाढवला: चारपर्यंत मुलं असतील तर एक तृतीयांश, त्याहून जास्त असतील तर अर्धा. गोव्यात आज मुलांसाठी राखीव असतो तो अर्धा.